संलयनयंत्रांची अभियांत्रिकी आणि आश्वासनांची भाषा : मिहानच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

अणुसंलयनातून मिळू शकणाऱ्या विजेविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात सामान्यतः दोन सूर आढळतात. पहिला सूर स्तुतीचा आहे. 'पृथ्वीवरचा सूर्य', 'अक्षय ऊर्जेचा झरा' अशा शब्दांनी त्याचा प्रारंभ होतो आणि भविष्यकाळातील एखाद्या वर्षाच्या उल्लेखाने शेवट होतो. दुसरा सूर उपहासाचा आहे. संलयनाची वीज नेहमीच तीस वर्षे दूर असते, हे त्याचे पालुपद होय. हे दोन्ही सूर परस्परविरोधी वाटले, तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. संलयन संशोधनाचे मोल 'वीज केव्हा?' या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, असे दोघेही मानतात. त्यामुळे प्रत्यक्ष यंत्र उभारणाऱ्या अभियंत्याचे काम दोघांच्याही नजरेतून निसटते.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी भारतातील चुंबकीय बंदिस्तीच्या संलयनयंत्रांवरील अभियांत्रिकी संशोधन हा आधार घेतला असून नागपूरच्या मिहान प्रकल्पाचा संदर्भ योजला आहे. मिहानमध्ये संलयनयंत्राचे काम चालत नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. तरीही हा संदर्भ दोन कारणांनी उचित ठरतो. एक तर कोळशाच्या विजेचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या विदर्भात हा प्रकल्प आहे. दुसरे म्हणजे अचूक जोडकामाची शिस्त आणि मोठ्या आश्वासनांचा अनुभव या दोन्ही गोष्टी येथे शेजारीशेजारी नांदतात. संलयन संशोधनाच्या मूल्यमापनात नेमका याच दोन गोष्टींचा घोळ झालेला आहे.

तत्त्व आणि यंत्र

संलयनाचे तत्त्व थोडक्यात सांगता येते. हायड्रोजनची ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही दोन समस्थानिके एकत्र येऊन हेलियमचे अणुकेंद्र व एक न्यूट्रॉन निर्माण होतो आणि १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा मुक्त होते. मात्र धनभारित अणुकेंद्रे एकमेकांस दूर लोटतात. ती जवळ यावीत यासाठी वायू सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. या अवस्थेतील प्लाझ्मा कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही. म्हणून तो पोकळ कड्याच्या आकाराच्या निर्वात पात्रात चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने भिंतीपासून अलग धरला जातो. या रचनेस टोकामॅक म्हणतात. तिची मूळ कल्पना सोव्हिएत संघात १९५० च्या दशकारंभी ईगोर टॅम आणि आंद्रेई साखारोव्ह यांनी मांडली.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी येत्या दोन दशकांत संलयनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत केले. ते खरे ठरले नाही. स्तुतीचा सूर या भाकिताकडे दूरदृष्टी म्हणून पाहतो आणि उपहासाचा सूर त्याकडे फसलेली घोषणा म्हणून पाहतो. ते का चुकले, हा अधिक उपयुक्त प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

त्याचे उत्तर बरेचसे अभियांत्रिकीत आहे. प्रत्येक संलयनक्रियेतील ऊर्जेपैकी १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट न्यूट्रॉन घेऊन जातो. त्यावर विद्युत्भार नसल्याने चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो थेट भिंतीत घुसतो व धातूची अंतर्रचना बिघडवतो. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्याने ते निसर्गात साठून राहत नाही, म्हणून ते यंत्राच्या आवरणातच लिथियमपासून निर्माण करावे लागेल. प्लाझ्मातून बाहेर पडणारी उष्णता आणि राख ज्या भागावर येते, त्या डायव्हर्टरला दर चौरस मीटरला सुमारे १० मेगावॉट उष्णता सोसावी लागते. शिवाय १५ कोटी अंशांच्या प्लाझ्मापासून काही मीटरांवर उणे २६९ अंशांवर थंड ठेवलेले अतिवाहक चुंबक असतात. तत्त्व ठाऊक असणे आणि ही सर्व परस्परविरोधी बंधने एकाच यंत्रात सांभाळणे, यांतील अंतर १९५५ मध्ये कोणालाही मोजता आले नव्हते. आधी कळस मग पाया, अशी त्या भाकिताची गत झाली.

'आदित्य' : स्वतःच्या यंत्राची पहिली इयत्ता

भारतात या विषयाची पायाभरणी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्लाझ्मा भौतिकी कार्यक्रमाने झाली. त्यातूनच १९८६ मध्ये गांधीनगरजवळील भाट येथे इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च ही संस्था आकारास आली. प्रेधिमन कृष्ण काव हे तिचे संस्थापक संचालक होत. तेथे १९८९ मध्ये 'आदित्य' हा देशात रचलेला आणि बांधलेला टोकामॅक कार्यान्वित झाला. त्याची मोठी त्रिज्या ७५ सेंटिमीटर आणि लहान त्रिज्या २५ सेंटिमीटर होती. चुंबक तांब्याचे होते आणि प्लाझ्मा सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापुरता टिकत असे.

त्या वेळच्या जागतिक यंत्रांच्या तुलनेत 'आदित्य' लहान होता. परंतु त्याची योग्यता आकारावरून ठरवणे चूक होय. निर्वात पात्राचे सांधे, क्षणार्धात मोठा विद्युत्प्रवाह देण्याची व्यवस्था, प्लाझ्माचे तापमान न स्पर्शता मोजण्याची साधने, या सर्वांचे ज्ञान या यंत्राने देशातील एका पिढीच्या हातांत आणले. पुढे त्याची पुनर्रचना होऊन डायव्हर्टरची सोय असलेल्या 'आदित्य-यू' मध्ये २०१६ च्या डिसेंबरमध्ये प्लाझ्मा निर्माण करण्यात आला. एकच यंत्र सुमारे तीन दशके शिकवत राहिले, हा त्याच्या मूळ रचनेला मिळालेला मोठा कौल होय.

'एसएसटी-१' : अपयशाचे वाचन

तांब्याच्या चुंबकांत प्रवाह वाहताना उष्णता निर्माण होते, त्यामुळे ते दीर्घकाळ चालवता येत नाहीत. वीज केंद्राला तर अखंड चालणारे यंत्र हवे. म्हणून १९९० च्या दशकात अतिवाहक चुंबकांच्या 'एसएसटी-१' या टोकामॅकची आखणी झाली. त्याची मोठी त्रिज्या १.१ मीटर, चुंबकीय क्षेत्राचे उद्दिष्ट ३ टेस्ला आणि प्लाझ्माच्या कालावधीचे उद्दिष्ट १००० सेकंद होते. 'आदित्य'च्या दशांश सेकंदावरून एकदम हजार सेकंदांवर जाण्याची ती आकांक्षा होती.

यंत्राची पहिली जोडणी २००० च्या दशकाच्या मध्यास झाली. ते थंड करण्याच्या प्रयत्नांत हेलियमची गळती व तत्सम दोष आढळले आणि यंत्र चालू शकले नाही. शेवटी ते उलगडून पुन्हा बांधावे लागले. या दुसऱ्या जोडणीपूर्वी टोरॉइडल क्षेत्राच्या १६ चुंबकांपैकी प्रत्येक चुंबक स्वतंत्रपणे थंड करून तपासण्यात आला, सांधे नव्या पद्धतीने करण्यात आले आणि २०१३ च्या जूनमध्ये पहिला प्लाझ्मा मिळाला.

सांध्याचे महत्त्व एका साध्या हिशेबाने कळते. अतिवाहक तारेला रोध नसतो, परंतु दोन तारांच्या सांध्याला असतो. चुंबकातून १० हजार अँपिअर प्रवाह वाहत असताना सांध्याचा रोध ओहमचा दशलक्षांश भाग असेल, तर तेथे १०० वॉट उष्णता निर्माण होते. तो रोध ओहमच्या अब्जांश भागापर्यंत उतरवला, तर उष्णता ०.१ वॉट उरते. एरवी १०० वॉट म्हणजे घरातील एक जुना दिवा. परंतु उणे २६९ अंशांवरील एक वॉट उष्णता बाहेर काढण्यासाठी शीतकरण यंत्रणेला शेकडो वॉट वीज खर्चावी लागते, आणि त्या तापमानास किंचितशी अतिरिक्त उष्णताही अतिवाहकता नाहीशी करू शकते. अशा स्थितीत संपूर्ण यंत्राचे भवितव्य तळहाताएवढ्या सांध्यावर अवलंबून असते. तो सांधा तयार करण्याची कृती केवळ पाठ्यपुस्तकातून हाती लागत नाही. ती करून, बिघडवून आणि पुन्हा करूनच साधते.

हे गुणवर्णन झाले तरी समीक्षेचे काम येथे संपत नाही. 'एसएसटी-१' मधील प्लाझ्माचा कालावधी प्रसिद्ध अहवालांनुसार सुमारे अर्ध्या सेकंदाच्या घरात राहिला आणि चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्लाच्या आसपास. १००० सेकंदांच्या मूळ उद्दिष्टाच्या मानाने ही मोठी तूट आहे. त्याच सुमारास आखल्या गेलेल्या चीनच्या 'ईस्ट' यंत्रात पहिला प्लाझ्मा २००६ मध्ये आणि दक्षिण कोरियाच्या 'केस्टार'मध्ये २००८ मध्ये मिळाला. 'ईस्ट'ने २०२५ च्या जानेवारीत १०६६ सेकंदांचा टप्पा गाठला, तर फ्रान्सच्या 'वेस्ट' यंत्राने पुढच्याच महिन्यात १३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला. म्हणजे उद्दिष्ट अवास्तव नव्हते. ते गाठण्याआधीच्या पायऱ्या भारतात उशिरा चढल्या गेल्या. प्रत्येक चुंबकाची थंड अवस्थेतील चाचणी दुसऱ्या जोडणीपूर्वी झाली, ती पहिल्या जोडणीपूर्वी व्हावयास हवी होती. हा निष्कर्ष कठोर वाटला, तरी तो यंत्राच्या इतिहासातूनच निघतो. तथापि तो काढता येणे, हेच या कामाचे एक फलित होय. ज्या यंत्राचा आराखडा आपला असतो, त्याच्या चुकीचे कारणही आपल्याला सापडू शकते.

'इटर' : आराखडा सर्वांचा, हात आपले

फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या 'इटर' या आंतरराष्ट्रीय यंत्रात भारत २००५ च्या डिसेंबरमध्ये सहभागी झाला. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिस येथे झालेल्या करारावर भारताच्या वतीने अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी स्वाक्षरी केली. मुंबईच्या व्हीजेटीआय संस्थेतून घडलेला एक यांत्रिकी अभियंता या करारावर स्वाक्षरी करतो, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सूचक आहे. भारताचा वाटा प्रामुख्याने पैशाच्या रूपात नसून तयार भागांच्या रूपात आहे. त्यासाठी स्थापन झालेल्या 'इटर-इंडिया'चे प्रकल्प संचालक म्हणून डॉ. शिशिर देशपांडे यांनी काम पाहिले.

या वाट्यातील सर्वांत ठळक वस्तू म्हणजे संपूर्ण यंत्राला वेढणारे क्रायोस्टॅट हे निर्वात पात्र. सुमारे ३० मीटर व्यासाचे आणि जवळजवळ तितक्याच उंचीचे हे पोलादी पात्र ३८५० टन वजनाचे आहे. लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा येथील कारखान्यात ते ५४ भागांत तयार झाले व कादाराशला नेऊन जोडले गेले. त्याचा १२५० टनांचा तळभाग २०२० च्या मे महिन्यात यंत्राच्या खड्ड्यात उतरवण्यात आला. एवढ्या मोठ्या वस्तूची मिलिमीटरांत मोजली जाणारी अचूकता राखणे आणि वेल्डिंगची प्रत्येक रेषा निर्वातासाठी निर्दोष ठेवणे, हे भारतीय उद्योगाचे निर्विवाद यश आहे.

अशा अचूकतेचे मोल २०२२ मध्ये सर्व जगाला कळले. 'इटर'च्या उष्णतारोधक कवचांच्या शीतनलिकांना तडे गेल्याचे व प्लाझ्मा पात्राच्या खंडांच्या कडा ठरलेल्या मापात नसल्याचे त्या वर्षी उघड झाले. दुरुस्तीसाठी जोडकाम थांबवावे लागले. पूर्वी २०२५ मध्ये अपेक्षित असलेला प्रारंभ मागे पडला आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या आराखड्यानुसार संशोधनकार्य २०३४ मध्ये, तर ड्युटेरियम व ट्रिटियम यांचा वापर २०३९ मध्ये सुरू व्हावयाचा आहे. विलंबाला महासाथीसारखी इतरही कारणे होती, परंतु वेळापत्रक किती सहज एखाद्या नलिकेपाशी आणि एखाद्या कडेपाशी अडते, हे यातून दिसते.

'इटर'मधील भारतीय यशाचे मूल्यमापन करताना एक भेद मात्र सोडता येत नाही. ठरलेल्या आराखड्याबरहुकूम निर्दोष वस्तू घडवणे ही एक विद्या आहे आणि संपूर्ण यंत्राचा आराखडा स्वतः करून त्याचे परिणाम भोगणे ही दुसरी. सुमारे ९ टक्के वाटा देऊन सर्व तांत्रिक माहितीवर अधिकार मिळतो, हा कराराचा मोठा लाभ होय. पण कागदावरील माहिती आणि हातातील ज्ञान यांत फरक असतो. क्रायोस्टॅटचे कौतुक करताना 'एसएसटी-१' ला विस्मृतीत टाकणे, म्हणजे दुसऱ्या विद्येचा बळी देऊन पहिलीचा सत्कार करणे होय.

मिहान : तीच कसोटी

हाच भेद नागपूरला लावून पाहता येतो. मिहान, म्हणजे नागपूरचे बहुविध आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्र व विमानतळ, यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना २००२ मध्ये झाली. खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, शिवणगाव आदी गावांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या. त्या काळी विमानतळाची वाढ, कारखाने आणि रोजगार यांविषयी जी चित्रे रंगवली गेली, त्यांपैकी काही साकारली, काही उशिरा साकारली आणि काही कागदावर राहिली. बोइंगने उभारलेले विमान देखभाल व दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७ विमानासाठी संमिश्र द्रव्याच्या तुळया तयार होऊ लागल्या. दासो व रिलायन्स यांच्या संयुक्त कारखान्याची पायाभरणी २०१७ मध्ये झाली, तेथे फाल्कन २००० विमानाचे भाग जोडले जाऊ लागले आणि २०२५ मध्ये संपूर्ण विमानाची जोडणी नागपूरलाच करण्याचा निर्णय जाहीर झाला.

या कारखान्यांतील कामाची जात क्रायोस्टॅटच्या कामाशी जुळते. येथेही तुळई मापात नसेल, तर ती कितीही सुबक असली तरी परत जाते. येथेही वस्तू न फोडता तिच्यातील दोष शोधावे लागतात आणि प्रत्येक सांध्याची नोंद ठेवावी लागते. ही शिस्त विदर्भातील तरुण अभियंते व तंत्रज्ञ आत्मसात करू शकतात, हे येथे सिद्ध झाले आहे. परंतु येथेही आराखडा बाहेरून येतो. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारखी अभियांत्रिकीची जुनी संस्था आणि अ‍ॅल्युमिनियमवरील राष्ट्रीय संशोधन केंद्र याच शहरात असताना, या दोन टोकांत एखादा तरी स्वतःचा, चुकण्याची मुभा असलेला आराखडा उभा राहणे ही नागपूरची खरी गरज आहे. त्याचा विषय संलयनयंत्राचा एखादा छोटा घटक असू शकेल, निर्वात तंत्र असू शकेल किंवा शीतकरण असू शकेल.

ऊर्जेच्या बाजूने पाहिले तरी हाच विवेक आवश्यक ठरतो. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आणि खापरखेड्याची १३४० मेगावॉट आहे, तर कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांची राख, धूर आणि पाण्याची मागणी विदर्भ सोसतो. खुद्द मिहानसाठी उभारलेले कोळशावरील वीज केंद्र पुढे बंद पडले. अशा प्रदेशाला 'संलयनाची स्वच्छ वीज लवकरच' असे सांगणे मोहक असले, तरी ते अप्रामाणिक आहे. 'इटर'चे उद्दिष्ट ५०० मेगावॉट संलयनशक्तीचे आहे, ती उष्णतेच्या रूपात असेल आणि तीपासून वीज निर्माण करण्याची योजना त्या यंत्रात नाही. कोराडीचा एक संच बंद करण्याचा निर्णय या आशेवर पुढे ढकलला जाऊ लागला, तर ती आशा कोळशाचीच मित्र ठरेल. आजच्या धुराचे उत्तर आजच्या साधनांनीच द्यावे लागेल.

संभाव्य आक्षेप

यावर असा आक्षेप येऊ शकतो, की वीज दूर असेल आणि लाभ केवळ सांधे व वेल्डिंग यांच्या शिकवणीचा असेल, तर एवढा खर्च कशासाठी? सांधे शिकण्याचे स्वस्त मार्ग आहेत. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. त्याचे उत्तर असे, की टोकाच्या अटीच टोकाची शिस्त लावतात, आणि दीर्घकालीन ऊर्जेचा शोध हा स्वतंत्रपणेही समर्थनीय आहे. ब्रिटनमधील 'जेट' यंत्राने २०२३ मध्ये एका प्रयोगात ६९ मेगाज्यूल संलयनऊर्जा निर्माण करून तत्त्वाची भक्कम प्रचिती दिली आहे. परंतु हे उत्तर पूर्ण होण्यासाठी दोन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. यंत्रातील दोषांची हकिकत यशाइतक्याच तपशिलाने प्रसिद्ध व्हावी. आणि शिकलेले तंत्र कोणत्या कारखान्यात, कोणत्या वस्तूत उतरले, हे दाखवता यावे. या अटी न पाळणाऱ्या संस्थेला 'भविष्यासाठी धीर धरा' असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, संलयनयंत्रावरील अभियांत्रिकी संशोधनाचे मूल्यमापन भविष्यातील वर्षावरून न करता सांधा, गळती, माप आणि कालावधी या तपासता येणाऱ्या गोष्टींवरून व्हावयास हवे. या कसोटीवर 'आदित्य' यशस्वी, 'एसएसटी-१' अपुरा परंतु बोधप्रद आणि क्रायोस्टॅट उत्कृष्ट परंतु आराखडा वाटून घेतलेला ठरतो. दुसरी, निर्दोष घडवण्याच्या विद्येबरोबर स्वतः रचण्याची विद्या जोपासली नाही, तर देशाच्या वाट्याला कुशल हात येतील, पण निर्णय येणार नाहीत. मिहानलाही हे तितकेच लागू आहे. तिसरी, आश्वासनाची किंमत आश्वासन देणारा क्वचितच मोजतो. ती जमीन देणारे गाव मोजते, राखेखालचे शेत मोजते आणि आयुष्याची वीस वर्षे एका यंत्राला देणारा संशोधक मोजतो. मराठी विज्ञानलेखनाने 'पृथ्वीवरच्या सूर्या'ची प्रतिमा काही काळ बाजूस ठेवून त्या संशोधकाच्या हातातील सांध्याकडे पाहिले, तर स्तुती आणि उपहास या दोहोंपलीकडची समीक्षा शक्य होईल.